आक्का चुकत चुकत नाचल्या

आक्का गेल्याचं ह्यांनी दवाखान्यातून फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी मऊ भात डब्यात भरत होते. "आता डबा नको आणू," एवढंच म्हणाले. त्याला महिना होऊन गेला. शोकसभेत सगळे त्यांच्या नोकरीबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. नाचाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जणू ती झाकून ठेवायची गोष्ट होती! म्हणून मी लिहायला बसले.

आक्का माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही. राणीसावरगावच्या शाळेत जन्मभर शिकवलं आणि निवृत्तीनंतर परभणीला आमच्याकडे आल्या. एकदा पुण्याला माझ्या लेकीकडे गेल्या असताना तिच्या नाचाच्या क्लासला नुसत्या बसायला म्हणून गेल्या. तिथं स्विंग शिकवत होते... परदेशी नाच, जोडीनं करायचा. एकानं हात धरून न्यायचं, दुसऱ्यानं त्या ओढीबरोबर जायचं, गिरकी घ्यायची, उसळत्या बाजाच्या तालावर. दुसऱ्या दिवशी आक्का पदर खोचून रांगेत उभ्या! घरी परतल्या आणि चहाच्या आधी बैठकीतला सोफा भिंतीला सरकवला.

"सुमन, बसून काय बघायलीस? ऊठ. मला जोडी लागती."

"आक्का, मला नाही येत."

"मला तरी कुठं येतंय!"

खरंच येत नव्हतं. पाय उशिरा पडायचा, गिरकीत त्या मला शोकेसवर नेऊन आदळायच्या. लेक व्हिडिओ कॉलवरून "आत्या, ताल!" म्हणून ओरडायची. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलेली ही बाई स्वतः चुकताना इतकी खूश होती, की मीही लाज सोडली. हळूहळू बुद्धविहारामागच्या गल्लीतल्या बायाही दर रविवारी यायला लागल्या. ह्यांचे चुलतभाऊ सांगायला आले, "आक्का, या वयात शोभतं का? समाजात नाव हाय आपलं." आक्का म्हणाल्या, "नाव आपलं हाय नं? मग आपणच वापरू की."

त्यांच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, आणि आक्कांना भाषणाचं बोलावणं आलं. "भाषणं लय दिलीत. नाचते," त्यांनी कळवलं. "बाई, लोकं हसतील," आयोजक कळवळून म्हणाले. "हसू दे. आता काय छडी हाय माझ्याकडं?"

भर मांडवात आम्ही दोघी नाचलो. दुसऱ्याच गिरकीला हात सुटला आणि आक्का धाडकन खाली बसल्या. मांडवात हशा पिकला. घाबरून कुणीतरी गाणं बंद केलं. आक्का खालूनच ओरडल्या, "गाणं का थांबवलं रे? मी पडले, गाणं नाही पडलं!" माझा हात धरून उठल्या आणि पहिल्यापासून पुन्हा नाचल्या. तसंच चुकत. या खेपेला हसणाऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तोही बेतालच.

नंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, कांतानं, त्यांना गाठलं. "बाई, कवायतीत पाय चुकतो म्हणून मला तुमी रांगेबाहेर उभं केलतं. त्यानंतर मी कधी लग्नातसुदा नाचले न्हाई."  आक्कांनी तिचं मनगट धरलं. "चल." लोक जेवायला पांगत होते, तेव्हा त्या दोघी मांडवात नाचत होत्या, एकमेकींच्या पायावर पाय देत. परतीच्या बसमध्ये आक्का म्हणाल्या, "नीट येईस्तोवर करायचंच न्हाई, हे कुणी शिकवलं गं पोरींना? मीच की..."

आक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तेच चुलत भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता ते गाणंबिणं बंद." मी म्हटलं, "नाही होणार." कधी नव्हे ते मोठ्यानं म्हटलं. पुढच्याच रविवारी मीच बायांना हात धरून नेलं, चुकीच्या बाजूला.

पंधरा दिवसांपूर्वी बैठकीला रंग द्यायला माणूस आला. दाराजवळच्या भिंतीवर तेलकट डाग आहे. दम लागला की आक्का तिथं तळवा टेकायच्या. तो घासायला निघाला तसा मी ब्रशच धरला. "एवढं सोडून द्या."

"वहिनी, लय खराब दिसंल हो."

"दिसू दे."

आता दमलेल्या बाया तिथंच हात टेकतात. डाग वाढत चाललाय.