इगतपुरीची तुळई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण असला गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

मागच्या वर्षी आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या छताला लाकडी तुळया लावून घेतल्या. लाकडी कसल्या, प्लायवूडच्या पोकळ पेट्या, वरून सागवानी पॉलिश. हौस हो, दुसरं काय! माझं लहानपण गेलं इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथे काळ्याभोर सागवानी तुळया होत्या. पावसाळ्यात चार-चार महिने ऊन दिसायचं नाही, म्हणून आत्या त्या तुळयांना दोऱ्या बांधून आमचे गणवेश शेगडीच्या धगीवर वाळवायची. शाळेत माझ्या अंगाला धुराचा वास यायचा. तो वास आठवला की अजून रडू येतं, खोटं नाही सांगत.

आई लवकर गेली, मला वाढवलं आत्यानेच. आता ती ब्याऐंशीची, मनमाडला असते. तुळया लागल्या त्या दिवशी तिला फोन केला आणि जिभेला काय झालं कोण जाणे, म्हणालो, "आत्या, आपलं क्वार्टर पाडलं ना, त्यातली तुळई मी मिळवली. हॉलमध्ये लावलीय."

पलीकडे आत्या रडायलाच लागली. आता रडणाऱ्या बाईला हे प्लायवूड आहे म्हणून कसं सांगणार? तुम्ही सांगितलं असतं?

दोन महिन्यांनी मला नात झाली. आत्याने फर्मान काढलं की बारशाचा पाळणा आपल्या तुळईलाच टांगायचा, माझाही तिलाच टांगला होता. मी म्हटलं, स्टँडचा पाळणा भाड्याने मिळतो, फुलंसुद्धा तेच लावून देतात. ऐकते कुठली! चार दिवस आधीच येऊन बसली. रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगून टाकू. आणि रोज ती तुळईकडे बघत बघत चहा प्यायची. झालं, माझी हिंमत खलास.

बारशाच्या दिवशी पेढे घेऊन घरी येतो तर काय, तुळईच्या बरोबर मधोमध पाळणा! घरात चाळीस पाहुणे. बायकांनी रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं आणि झोके द्यायला लागल्या. तो दगड झुलतोय, दोरी करकरतेय आणि इथे मला घाम फुटलेला. तेवढ्यात सुनेने बाळाला उचललं.

मी स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी तुळई धरली आणि ओरडलो, "थांबा, बाळाला ठेवू नका! ही तुळई खोटी आहे. प्लायवूडची आहे. मी आत्याशी खोटं बोललो."

मी आपला हात वर करून उभा.

"उतर खाली, बाळू," आत्या म्हणाली. "आल्या दिवशीच काठीने ठोकून बघितली मी, डब्यासारखी वाजली. काल तू बाहेर गेलास तेव्हा सुताराला बोलावलं आणि हूक आरपार वर स्लॅबमध्ये बसवून घेतला."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू सांगतोस का, ते बघत होते. पण माझ्या कानात सांगायचं रे! मी सकाळपासून या चाळीस जणांना सांगत सुटलेय, ही आमच्या इगतपुरीचीच तुळई म्हणून."