स्टुलाची करकर

एलादिओला उरुग्वेतल्या मोंतेविदेओत सगळे 'न्यायाधीश' म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. एका साप्ताहिकात तो पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डांची परीक्षणं लिहायचा. ऐकताना खिडक्या बंद, हातात 'माते' नावाच्या कडू चहाचा तुंबा, आणि घरात कुणी भांडंसुद्धा आपटायचं नाही. कुणी म्हणजे ओफेलियाच, त्याची बायको.

ओफेलिया एके काळी पियानो वाजवायची. फार चांगला वाजवायची. लग्न नवं असताना तिनं रेडिओच्या स्टुडिओत शूबर्ट वाजवला, त्याची रेकॉर्ड निघाली आणि परीक्षणाला नेमकी नवऱ्याच्याच टेबलावर आली. 'बोटं बिनचूक, पण आत ओलावा नाही,' असं त्यानं लिहिलं. रेकॉर्ड अर्धी वाजायच्या आत तो उठून लिहायला बसला होता. निकाल आधीच ठरलेला होता, हे तिला तेव्हाच कळलं. गावानं मात्र त्याला डोक्यावर घेतलं. सख्ख्या बायकोचीही भीड ठेवली नाही म्हणे! तो न्यायाधीश झाला. तिला पुन्हा कुणी मैफलीला बोलावलं नाही. शेजारच्या पोरांकडून बोटं घोटून घेण्यात तिचं वय गेलं.

साप्ताहिकाची एक रीत होती. जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी नावावर कागद चिकटवून यायची, म्हणजे नाव पाहून कुणी मान डोलवायला नको. लेख पोचला की संपादक पिरिस फोनवर नाव सांगायचा.

त्या दिवशी एकोणतीस तारीख, तिथल्या रिवाजानं न्योकी खायचा दिवस, म्हणून ओफेलिया स्वयंपाकघरात बटाट्याच्या त्या गोळ्या वळत होती. बाहेरच्या खोलीत अशीच एक झाकलेली सीडी सुरू झाली आणि थोड्या वेळानं पियानोच्या सुरांमागे स्टूल करकरलं. तिचे हात पिठातच थांबले. खालच्या सुरांकडे वाकलं की रेडिओच्या स्टुडिओतलं ते मेलं स्टूल असंच करकरायचं.

"म्हातारे, इकडे ये," एलादिओनं हाक मारली. त्याचे डोळे ओले होते. "ऐक. याला म्हणतात वाजवणं. हंगेरीचा असणार कुणीतरी. असले हात आपल्या मातीत होत नाहीत."

"स्टूल करकरतंय."

"तुला तेवढंच ऐकू येणार."

"आणि मला जरा कोरडं वाटलं."

"तू तुझ्या न्योकी बघ."

ती बघायला गेली. स्वतःचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिनं गिळलं. तिला ती स्तुती छापून यायला हवी होती, त्याच्या सहीनिशी. आयुष्यात दुसरं काही मागायचं तिच्याकडे उरलंच नव्हतं. लेख रवाना होईपर्यंत ती गप्प राहिली.

मग पिरिसचा फोन आला. एलादिओनं रिसीव्हर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"सांगितलं का नाहीस?"

"तू ओळखलं का नाहीस?"

तो खाली बसला.

"एलादिओ, एक अक्षर बदलू नकोस. लिहिलंयस तसं येऊ दे."

"बरं," तो म्हणाला. तिच्या हातावर त्यानं हातही ठेवला, आणि एवढ्यावर ती वेडी आठवडाभर गुणगुणत होती.

अंक आला. लेखात जुनी टेप किती छान साफ केली आहे याचं कौतुक होतं. स्टुलाची करकर राहून गेली अशी तक्रार होती. शेवटी एकच ओळ: 'वादक प्रस्तुत लेखकाची पत्नी असल्यामुळे वादनाबद्दल मत देणं उचित नाही.'

दुपारी ती पाव आणायला गेली. बेकरीवाल्या एल्विराबाईनं अंक काउंटरवरच उघडून ठेवला होता.

"काय सरळ माणूस आहे गं तुझा," ती म्हणाली.

"आहे ना," ओफेलिया पाव पिशवीत टाकत म्हणाली. "नावं ठेवताना मी त्याची कुणी लागत नव्हते. आता बायको झाले."