कचरापट्टी

बाईंनी पावती माझ्या नाकासमोर धरली.

"वाचता येते काय तुले? हे पाय. कचरापट्टी. भरली आमी. आता निवडाचं काम तुहं."

मी एवढंच म्हटलं होतं की बाई, ओला आणि सुका एकाच थैलीत आहे, वेगळा करून द्या. तेवढ्यासाठी त्या आत जाऊन पावती घेऊन आल्या. शेजारच्या गच्चीवर एक जणी कपडे वाळत घालत होती, तीही थांबून बघायला लागली. आमची घंटागाडी जरा पुढे उभी होती, तिच्यावरचं गाणं चालूच होतं. बाईंनी थैली उलटी केली. फाटकाबाहेर, माझ्या पायाशी. संत्र्याच्या साली, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, नातवाचे डायपर, औषधाच्या बाटल्या.

"निवड."

मी उकिडवी बसले आणि निवडलं. हातमोजे नव्हते. स्वच्छतेचा फोटो काढायच्या दिवशी मिळाले होते, फोटो झाल्यावर परत घेतले. बाई पदर नाकाला लावून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. वास येत होता तर आत जायचं होतं. वास त्यांच्याच घरचा होता. मग त्यांनी फिनाईलचं पाणी आणलं आणि मी बसले होते त्या जागेवर ओतलं. मी अजून उठतच होते. थोडं माझ्या पायांवर आलं.

आणि मी म्हटलं, "चुकलं, बाई."

काय चुकलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तो शब्द मी माहेराहून घेऊन आले. माझं माहेर शिरपूरचं. आई लोकांच्या घरी भांडी घासायची, मी तिच्याबरोबर जायची. कप फुटला, चुकलं. यायला उशीर झाला, चुकलं. कप आधीच तडकलेला असला तरी चुकलं. आई सांगायची, आधी चुकलं म्हणून टाकावं, समोरच्याचा आवाज खाली येतो. आवाज खरंच खाली यायचा. पण त्याबरोबर आपलीही मान खाली जाते, हे तिनं सांगितलं नाही. तिला ते माहीत तरी होतं की नाही, कोण जाणे.

या बाईंना सगळं गाव वकिलीनबाई म्हणतं, कारण त्यांचे मालक वकील. घर मोठं, फाटक मोठं, फाटकाशेजारच्या भिंतीवर नगरपालिकेनं रंगवलेली दोन बादल्यांची चित्रं. एक हिरवी, एक निळी. त्या चित्राखाली बसूनच मी निवडत होते.

कचरापट्टी म्हणजे काय ते सांगते. आधी घरपट्टी होती, पाणीपट्टी होती. मग नगरपालिकेनं ठरवलं की घरोघरचा सुका कचरा वेगळा न्यायचा, शेडमध्ये दाबून त्याचे गठ्ठे करायचे आणि अकोल्याकडे पाठवायचे. त्याला गाडी लागते, डिझेल लागतं, माणसं लागतात. म्हणून घरपट्टीच्या बिलात एक नवी ओळ आली. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे. गावानं तिला कचरापट्टी म्हटलं आणि तेच पक्कं झालं.

नाव पक्कं झालं आणि समजूतही. पट्टी भरली म्हणजे कचरा वेगळा करण्यातून सुटका, असं गावानं धरलं. कचरा वेगळा व्हावा म्हणून जे पैसे, ते भरल्यावर कचरा आणखीच एकत्र यायला लागला. आणि दुसरी समजूत अशी की ती पट्टी म्हणजे गाडीवरच्या बायांचा पगार. उन्हाळ्यात पाणी मागितलं तर लोक म्हणायचे, पट्टी भरतो ना. दिवाळीला पोस्त मागायला गेलो तरी तेच. जसं काही आम्ही ती पट्टी रोज दुपारी भाकरीबरोबर खातो.

लोकांच्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. माझीही समजूत तीच होती. कोणी पावती दाखवली की मला वाटायचं, खरंच की, याचंच मीठ खाते मी. त्या घराचा उंबरा लांबून दिसला तरी मी ओशाळी व्हायची. म्हणून चुकलं. रोज, दारोदार, चुकलं.

गाडीवर, ड्रायव्हर सोडला तर, आम्ही दोघी. मी आणि सबिरा खाला. खाला माझ्या आईच्या वयाची. नवरा नाही, मुलगी लग्न करून कामरगावला. आधी ती भंगारवाल्याकडे पुठ्ठा निवडायची, त्यामुळे तिचा हात भराभर चालायचा. गाडीच्या मागच्या बाजूला उभं राहून चालत्या गाडीत आम्ही थैल्या फोडायचो.

वकिलीनबाईंच्या थैलीत एक दिवस सुई होती. वकीलसाहेबांना साखर आहे, ते पोटात सुई टोचून घेतात. ती सुई खालाच्या बोटात शिरली. खाला ओरडली नाही. बोट वर धरून बघत राहिली. रक्ताचा थेंब एवढासा होता.

शेडवर मुकादमानं विचारलं, काय झालं. मुकादम म्हणजे ठेकेदाराचा माणूस, आमची हजेरी त्याच्या हातात. खालानं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"चुकलं खालाचं. पाहून हात घालाले पायजे होता."

मी असं का म्हटलं? वकिलीनबाईंचं नाव निघू नये म्हणून. नाव निघालं तर चौकशी होईल, चौकशी झाली तर माझ्या कामावर गदा येईल, म्हणून. दुसऱ्याच्या घरातली सुई, खालाचं बोट, आणि चूक मी खालाच्या पदरात टाकली. मला कोणी विचारलंही नव्हतं. खालानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोटाला चिंधी बांधायला लागली. सरकारी दवाखान्यात तिला इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला ये म्हणून सांगितलं. तोवर काही सांगता येत नाही म्हणाले. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. पण मी तिला तसं सांगितलं नाही. गाडीवर तिच्या शेजारी उभी राहून मी पुढचं फाटक बघायची.

मग नळावरची गोष्ट. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे, छोट्या पुलावरून आत यावं लागतं. नळावर शेजारची रुक्मा होती. तिच्या दारासमोर नाला तुंबला होता, पाणी उंबऱ्याला लागलं होतं. ती चिडलेली होती.

"तू गाडीवर हायस ना? मंग आपला कचरा काहून नेत नाही तुमी?"

मी म्हटलं, "आपल्याकडं कुठं येते गाडी?"

"तेच इचारून राह्यली. काहून नाही येत? पट्टी तं माह्याकडूनबी घेतली. घरकुलाले कागद पायजे होता, तं आधी पट्टी भर म्हने."

मी रिकामी घागर घेऊन घरी आले. सासू चुलीपुढे होती. तिला विचारलं, आपणही कचरापट्टी भरली का? तिनं वर न बघता सांगितलं.

"भरली ना. तुह्याच पगारातून देली."

मी खाली बसले. हसू आलं. वकिलीनबाई पावती नाचवतात, माझा पगार म्हणून. आणि माझ्या पगारातून तीच पट्टी जाते. आमच्या दारात मात्र गाडी नाही. गाडी रोज पुलाच्या तोंडाशी येते आणि वळून जाते. आत रस्ता अरुंद आहे म्हणतात. त्याच रस्त्यानं रेतीचा ट्रॅक्टर खुशाल आत येतो.

हे झालं नगरपालिकेचं. माझं काय? मी रोज पहाटे घरचा कचरा घमेल्यात घ्यायची, ओला-सुका सगळा एकत्र, आणि पुलावरून नाल्यात फेकायची. मग त्याच पुलाच्या तोंडाशी उभी राहून गाडीवर चढायची आणि दिवसभर लोकांना सांगायची, ओला वेगळा, सुका वेगळा. मी फेकलेलंच वाहत रुक्माच्या उंबऱ्याला लागत होतं. गाडी आमच्याकडे यायला पाहिजे, असं माझ्या मनात कधी आलंच नाही. गाडी त्यांच्यासाठी असते आणि आम्ही गाडीसाठी, हे मी धरूनच चालले होते. मला कोणी तसं शिकवलं नव्हतं, माझी मीच शिकले होते. बाईंनी पायावर फिनाईल ओतलं तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज मला त्या संध्याकाळी वाटली.

दुसऱ्या दिवशी वकिलीनबाईंचं फाटक आलं. थैली बाहेर ठेवलेली. मी वरून चाचपली. आत सुई होती, टोक प्लास्टिकमधून बाहेर आलं होतं. बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या.

मी म्हटलं, "बाई, सुया डब्यात घालून द्या. ओला वेगळा द्या, सुका वेगळा. तवा नेतो."

"पट्टी भरतो म्हनून एकडाव सांगतलं ना तुले?"

"पट्टी मीबी भरतो, बाई."

त्या झोपाळ्यावरून उठल्या. "तू?"

"हो. आमच्याकडं गाडी येत नाही, तरी भरतो."

"मंग मी काय करू?"

"काही नोका करू. हे थैली इथंच राहीन."

थैली मी त्यांच्या भिंतीशी, त्या हिरव्या-निळ्या बादल्यांच्या चित्राखाली ठेवली. जिभेवर तो शब्द आला होता. चुकलं, बाई. सवयीनं आला होता. मी दात आवळले आणि गाडीकडे चालत गेले. खाला सगळं बघत होती.

दुपारी शेडवर मुकादम वाट बघत उभा होता.

"वकीलसायबाचा फोन आला ठेकेदाराले. सकाळी फाटकावर जाय, चुकलं म्हन, थैली उचल. नाही तं घरी बस."

"काय चुकलं ते सांगा. म्हनतो."

"मले काय मालूम? म्हनाले काय लागते?"

तो खरंच वैतागला होता. त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे थुंकी होती, टाकायची आणि पुढे व्हायचं. सकाळी मी फाटकावर गेले नाही. त्यानं माझं नाव हजेरीतून काढलं.

मी घरी बसले. पहिल्यांदा बरं वाटलं. वस्तीतल्या बाया विचारायला आल्या, मी रंगवून सांगितलं. रुक्मा हसली. मला वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं.

मग एका संध्याकाळी खाला आली. दारातच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. बोटावरची चिंधी मळली होती. पुन्हा रक्त देऊन आली होती, अजून काही कळलं नव्हतं. सासूनं चहा दिला. खालानं तो घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली.

"अच्छा बोली तू. मगर ती थैली आता माह्या हातात येते, बेटा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्या जागी नवी बाई अजून घेतली नव्हती. दोघींचं काम ती एकटी करत होती, त्याच बोटानं. मी 'नाही' म्हणून आले होते आणि माझं 'नाही' तिच्या अंगावर पडलं होतं. तिला नाही म्हणता येत नव्हतं, कारण तिच्या घरात दुसरं कोणी कमावणारं नाही. माझे मालक मोंढ्यात हमाली करतात, म्हणून माझी चूल पेटती राहिली. माझ्या धाडसाला नवऱ्याच्या पाठीचा टेकू होता. हे मी कोणाला रंगवून सांगितलं नव्हतं.

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "चुकलं, खाला. सुईच्या दिवशी मी तुह्यावर ढकललं. माहं चुकलं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे बेटा.

ती म्हणाली, "हाव." आणि उठून गेली.

रात्र कशीबशी काढली. सकाळी रुक्माकडे गेले. मग घरोघर गेले. पट्टी भरली का, एवढंच विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी भरली होती, कोणी घरकुलासाठी, कोणी दाखल्यासाठी. काही जणी माझ्याबरोबर यायला तयार झाल्या. काही म्हणाल्या, घरकुल अडकून राहीन, आमाले नोको ओढू. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः तशीच होते. पण कचरा वेगळा ठेवा, एवढं सगळ्यांना सांगितलं. मी नाल्यात फेकणं बंद केलं आहे. दोन बादल्या घेतल्या. रंग जो मिळाला तो.

उद्या सकाळी गाडी पुलाच्या तोंडाशी येईल तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी असेन. एका हातात ओला, एका हातात सुका. रुक्मा असेल, आणखी ज्या येतील त्या असतील, कोणीच आलं नाही तरी मी असेन. गाडी आधी आत वळेल. आमची पट्टी घेतली आहे, आमचा कचरा नेईल, मग वकिलीनबाईंकडे जाईल. आणि सुई असलेली थैली खाला उचलणार नाही, हेही मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगणार आहे. खालाच्या बोटाचं काय झालं आणि ते कोणाच्या थैलीनं झालं, तेही नाव घेऊन सांगणार आहे.

मुकादम धावत येईल. बाजूला हो, चुकलं म्हन, म्हणेल. मी बाजूला होणार नाही. आणि तो शब्द आता माझ्याकडे नाही. तो खालाचा होता, तिला देऊन टाकला.