एकतीस कासवं

नवा रायपूरच्या रस्त्याला जिवंत कासवांचं एक छोटं संग्रहालय आहे. एक तळं, दोन खोल्या आणि सात फलक. दारातल्या फलकावर लिहिलंय, एकूण कासवं एकतीस. लिहिलेला आकडा मी स्वतः मोजल्याशिवाय मानत नाही. तीनदा मोजली, तिन्ही वेळा तीस भरली. एखादं पाण्याखाली असन, असं बायको म्हणाली. पण श्वास घ्यायला सगळी वर येतात, असं दुसऱ्या फलकावर होतं. म्हणून पाऊण तास थांबलो. तीसच.

अभिप्रायाच्या वहीत सगळ्यांनी 'बहुत सुंदर' लिहिलं होतं. मी लिहिलं, "फलकावर ३१, प्रत्यक्षात ३०. खुलासा व्हावा." खाली सही आणि पूर्ण पत्ता.

बाहेर पडताना सातवा फलक वाचला. देशी कासव घरी पाळणं गुन्हा आहे. रायपुरात पुरानी बस्तीतल्या आमच्या घरच्या टाक्यात अकरा वर्षांपासून एक कासव आहे. पाणी साफ राहतं म्हणून सासऱ्यांनी आणून सोडलेलं. म्हणजे अकरा वर्षांपासूनचा गुन्हेगार सकाळपासून सरकारी कासवं मोजत होता.

पुढच्या रविवारी कासव बादलीत घालून आम्ही परत गेलो. ते जमा करायचं आणि रीतसर पावती घ्यायची, एवढाच माझा विचार होता. बसची तासभर वाट पाहून शेवटी ऑटो केला. ऑटोत बायकोनं बादली मांडीवर घेतली.

तिथला रखवालदार मूळचा गोंदियाचा. मला पाहताच म्हणाला, "तुम्हीच काय ते मोजणारे?"

इतक्या वर्षांत ती वही कोणी वाचली नव्हती. माझा अभिप्राय तेवढा वरच्या साहेबांनी वाचला, आणि उद्या मोजणी करायला ते स्वतः येणार होते. एक कासव उन्हाळ्यात मेलं होतं. मेल्याचा दाखला डॉक्टर देतो, आणि डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतो. तोवर ठेवणार कुठं, म्हणून यानं ते कडुलिंबाखाली पुरलं. हा माणूस रोजंदारीवर, नऊ वर्षांपासून. उद्या तीस भरली तर परवापासून त्याला काम नाही.

मला वाईट वाटलं. तरी मी पावतीचं काढलंच.

"पावती देतो ना भाऊ," तो म्हणाला. "मग कागदावर बत्तीस होतीन अन् पाण्यात एकतीस. उद्या पुन्हा एक कमीच."

हिशेब बरोबर होता. मी दुसरा मार्ग सुचवला. आधी मृत्यूची उशिरा नोंद, सोबत विलंबाचं कारण, नंतर आमचं कासव जमा. एकतिसातून एक वजा, एक अधिक. अर्ज मीच लिहून देतो म्हणालो आणि बाकावर बसून लिहायलाही लागलो.

"अर्ज चांगला हाय भाऊ. पण तो वर पोचेपर्यंत मी घरी बसलेला असन."

मी दुसऱ्या परिच्छेदावर होतो. बायको त्याला विचारत होती, खायला काय देता. पालक, काकडी, कधी गांडुळं, असं तो सांगत होता. "याले भाताची शितं बी लागते, रोज सकाळी," ती म्हणाली. त्यानं 'हव' म्हणून मान डोलावली. मग ती तळ्याच्या काठाशी उकिडवी बसली आणि तिनं बादली हळूच कलती केली.

"काहून सोडलं? पावती?" मी बाकावरून ओरडलो.

"तुमचा अर्ज मंजूर होईस्तोवर ते बादलीतच राहिलं असतं काय?"

ती पदरानं हात पुसत उभी राहिली. तळ्याकडे मात्र बराच वेळ पाहत होती.

मी मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीस. रखवालदारानं वही आणली आणि माझ्यासमोर उघडून धरली. माझ्या जुन्या अभिप्रायाखाली मी लिहिलं, "दोनदा मोजली. फलकावरील संख्या बरोबर आहे."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. सही केली. पत्ता मात्र या वेळी लिहिला नाही.