भूत नसलेली कादंबरी

"भियालात?"

पुस्तक परत करायला आलेला वाचक वाचनालयाची पायरी उतरायच्या आत हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. विचारणारे गृहस्थ दाराशेजारच्या बाकावर वर्तमानपत्र उलगडून बसलेले असत. वर्तमानपत्र नावापुरते. डोळे त्याच्या वरच्या कडेवरून माझ्या टेबलाकडे. काळ्या पुठ्ठ्याचे ते लहानसे पुस्तक कोणी टेबलावर ठेवले, की वर्तमानपत्राची घडी होई, धोतराचा सोगा सावरला जाई आणि एक गोरा, गुबगुबीत, घामाने डबडबलेला चेहरा वाचकाच्या अगदी जवळ येई.

"भियालात? खरां सांगा."

"होय" म्हटले की तो चेहरा असा खुले, की जणू मुलगा झाल्याची बातमी आली असावी. "नाही" म्हटले तरी माणूस नाउमेद होत नसे. "बरां, बरां. आणखी एकदा वाचा. पयल्या खेपेक कळणा नाय."

आम्ही सगळे त्यांना कौलवाले म्हणत असू. मंगळुरी कौलांनी भरलेली गलबते मालवणच्या बंदरात लागत, त्यातला बराचसा माल त्यांच्या आवारात येऊन पडे. कोणाच्याही घरी गेले की यजमानाकडे बघण्याआधी ते छपराकडे बघत आणि "वाशे बदलूक होये" असे म्हणूनच आत शिरत. मात्र कौले विकणारा हा माणूस उभ्या आयुष्यात शिडी चढला नव्हता. चक्कर येते म्हणत. त्यांना होडीची भीती वाटे, गुरांची वाटे, डॉक्टरच्या सुईची तर विचारूच नका. कुर्ल्या, म्हणजे आमच्याकडचे खेकडे, आवडीने खात, पण टोपलीतली जिवंत कुर्ली दिसली की पाय वर घेऊन बसत.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. सगळ्या गावाला त्यांच्याविषयी प्रेम असते आणि गंभीरपणे त्यांना कोणीच घेत नाही. अशा माणसाने साठ सालाच्या आगेमागे एक कादंबरी लिहिली, सावंतवाडीच्या एका छापखान्यातून पदरमोड करून छापून घेतली आणि तीही भीतीची! मी तेव्हा शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी वाचनालयाचे काम बघत असे. पहिली प्रत त्यांनी माझ्याच टेबलावर आणून ठेवली. नाव होते 'आतून कडी'.

गोष्ट अगदी साधी. एक कारकून रोज संध्याकाळी घरी येतो. एके दिवशी दार आतून लावलेले असते. तो हाक मारतो. बायको दार उघडते आणि दचकून म्हणते, "अहो, तुम्ही तर मघाशीच आलात! आत आंघोळ करताय ना?" तो न्हाणीघरात जाऊन बघतो. जमीन ओली, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी तो थोडा लवकर येतो, तर आधी आलेला जेवून उठलेला असतो. त्याला गाठायचे म्हणून हा रोज आणखी लवकर येऊ लागतो. शेवटी कामावर जाणेच सोडतो आणि दिवसभर घरात बसून राहतो. संध्याकाळ होते. दार वाजते. बाहेरून त्याच्याच आवाजात कोणीतरी हाक मारते. बायको त्याचा हात धरते आणि म्हणते, "उघडू नका." त्याचा हात कडीवर जातो, आणि तिथे पुस्तक संपते.

भूत नाही. अमावास्या नाही. साधे कुत्रेसुद्धा रडत नाही.

वाचनालयात पंधरवड्याच्या आत दोन तट पडले. एका तटाचे पुढारी आमचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटले आणि मला म्हणाले, "शेवटचं पान फाडलंय कोणीतरी. वाचनालयात हे चालता कामा नये." मी त्यांना शेवटच्या पानामागे छापलेले छापखान्याचे नाव दाखवले. त्यांनी ते चष्मा वर करून आणि खाली करून वाचले. "म्हणजे कादंबरी इथंच संपते? मग ही कादंबरी नाही. हा वाचकाचा अपमान आहे."

दुसऱ्या तटाच्या फिलोमिना टीचर. कॉन्व्हेंटमध्ये शिकवत. त्यांचे माहेर म्हापशाचे, मराठी शुद्ध, आणि राग आला की आणखी शुद्ध. "हेडमास्तर, शेवट तुम्हाला हवा आहे, कारण शेवट आला की माणसाला सुखाने झोपता येतं. लेखकाला तुम्ही झोपायला नको आहात."

"मी उत्तम झोपलो!"

"मग तुम्ही पुस्तक वाचलंच नाही."

कौलवाले बाकावर वर्तमानपत्राआड बसून हे सारे ऐकत. वर्तमानपत्र थरथरे. हसण्याने की भीतीने, ते सांगता येत नसे.

मासळीबाजारातल्या शेवंताने शेजारणीकडून सगळी कादंबरी वाचून घेतली होती. एकदा भरबाजारात तिने त्यांना अडवले. "काय हो कौलवाले, भूत खंय आसा तुमच्या पुस्तकात? आमच्या वाडीत भुतां काय थोडी आसत? पण त्येंका नावां आसत, जागो आसा, निवद दिलो की गप ऱ्हवतत. तुमच्या भुताक नाव नाय नि रूप नाय. त्येका निवद तरी खंय ठेवचो?"

"शेवंता, तां भूत न्हय गो."

"मगे कोण?"

"तांच तर..." म्हणता म्हणता त्यांची नजर टोपलीकडे गेली आणि ते दोन पावले मागे सरले. टोपलीत कुर्ल्या होत्या.

खरी गंमत घराघरांत झाली. बायकांना त्या कादंबरीत एक हत्यार मिळाले. नवरा घरी आला, दार ठोठावले, की आतून आवाज येई, "अगो बाय! तुमी तर मगाशीच इलात! जेवान खाल्लात, आता कित्याक परत?" पत्ते खेळून उशिरा येणाऱ्यांचे हाल झाले. तालुका कचेरीतले एक अवल कारकून चिडून माझ्याकडे आले आणि हे पुस्तक कपाटातून काढून टाका, असा अर्जच करतो म्हणाले. अर्ज काही आला नाही. त्यांच्या बायकोने तेच पुस्तक पुन्हा मागवले होते.

हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण त्याच सुमारास कौलवाल्यांच्या मुलीचे, शालिनीचे लग्न ठरत आले होते. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर, घराणे वेंगुर्ल्याचे, पत्रिका जुळलेली. आणि कोणीतरी मुलाच्या आईच्या कानावर घातले, की मुलीचा बाप डोक्याने जरा हललेला आहे, स्वतःचेच भूत बघतो आणि त्यावर त्याने पुस्तकही छापले आहे.

मंडळी मुलगी बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी कौलवाले वाचनालयात आले. बाकावर बसले नाहीत. सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"मास्तर, ता पुस्तक माका देवा. थोडे दीस कपाटात नको."

"पण गावात घरोघर प्रती आहेत."

"असांदेत. हंयची तरी नको." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरीचा लगीन मोडला ना, तर मी परत पेन हातात धरूचंय नाय. माका आता खरोखरच भिया वाटता हो." त्यांनी पुस्तक छत्रीच्या घडीत खुपसले. जाता जाता वळून म्हणाले, "तुमी उद्या येवा. चष्मो आसा तुमका, बरां दिसात."

म्हणून मी गेलो. बैठकीच्या खोलीत गादीवर मुलाचे वडील बसले होते. ताटलीतला खाजा ते मन लावून खात होते. मुलगा मान खाली घालून बसलेला. मुलाची आई ताठ. कौलवाले शुद्ध मराठीत बोलत होते. त्यांच्या तोंडी ते मराठी दुसऱ्याचा कोट घातल्यासारखे दिसे, काखेत घट्ट आणि बाह्यांना लांब.

शालिनी चहा ठेवून आत गेली. मुलाच्या आईने इकडचे तिकडचे थोडे बोलून घेतले आणि मग विचारले, "ते पुस्तक म्हणतात ते... तुम्हीच लिहिलंत ना?"

कौलवाल्यांनी माझ्याकडे बघितले, छपराकडे बघितले. "त्याचं काय आहे, वहिनी... आमच्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ कुडाळकडे आहेत. ते लिहितात. लोकांची गल्लत होते."

मला चहाचा ठसका लागला. स्वतःसारखाच दुसरा माणूस कल्पून ज्याने सारे गाव हैराण केले, तो आता त्याच दुसऱ्याच्या पाठीमागे लपत होता!

तेवढ्यात त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. या बाईंना मी तोवर क्वचितच बोलताना ऐकले होते. किरकोळ अंगाच्या, सावळ्या, कामात बुडालेल्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "कुडाळाक कोण नाय. ह्येंनीच लिवल्यानी ता. आमच्या रांदपाच्या खोलयेत, पाटार बसान. मी मासे तळतंय, हे लिवतत. पान लिवन झाला की माका वाचून दाखयत."

कौलवाल्यांनी डोळे मिटून घेतले. खोलीत फक्त खाज्याचा कुरकुर आवाज येत होता.

"आणि ऐकून तुम्हाला काही वाटलं नाही?" मुलाच्या आईने विचारले.

"वाटला तर! मी भियालंय."

कौलवाल्यांचे डोळे एकदम उघडले. वाटेवरच्या माणसाला थांबवून ते जे विचारत आले होते, ते घरात त्यांनी कधीच विचारले नव्हते. आणि बायकोने आपणहून कधी सांगितले नव्हते.

"भूतबीत म्हणान न्हय," बाई सांगू लागल्या. "लगीन होवन इतकी वर्सां झाली. हे सांजेक घराक येतत, मी चुलीकडसून कधी मान वर करून बघूक नाय. पाय वाजले म्हणजे इले. ह्येंनी वाचून दाखवल्यानी तेवा माझ्या मनात इला, येता तो आपलोच काय, ह्या मी कधी बघलंय? तेवापासून मी उठतंय. हातातला ठेवन दारात जातंय नि ह्येंचा तोंड बघून घेतंय. इतक्याच." आणि मग त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "डोक्या ह्येंचा ठीक आसा. भितरे आसत, पण ठीक आसा."

मुलाच्या आईने हळूच मान वळवून आपल्या नवऱ्याकडे बघितले. ते खाज्याचा शेवटचा तुकडा ताटलीत शोधत होते. ती बराच वेळ बघत राहिली. त्यांच्या कानावरचा तीळ तिला त्या दिवशीच दिसला असावा, असे मला वाटले.

"पुस्तक आहे का हो घरात?" तिने विचारले. "मी वाचलेलं नाही. जाऊबाईंनी सांगितलं तेवढंच."

कौलवाले उठले. अतिशय संकोचाने मुलाच्या वडिलांना म्हणाले, "जरा उठतां काय?" ते उठले. गादीखालून आमच्या वाचनालयाचे पुस्तक निघाले.

पंधरा दिवसांनी होकार आला. विहीणबाईंचा निरोप होता, की पुस्तक वाचले, बरे आहे, भीती मुळीच वाटली नाही. कौलवाले दोन दिवस हिरमुसले होऊन बसले. पण लग्नात व्याही मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "काय लिहून ठेवलंय हो तुमच्या या मित्राने? हल्ली मी घरी आलो, की ही दारात मला माझं नाव विचारते." मी ते तसेच कौलवाल्यांच्या कानात सांगितले. त्यानंतर मुलीची पाठवणी होईपर्यंत हा माणूस रडत होता की हसत होता, हे पाहुण्यांना कळले नाही.

दुसरी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. कोणी विचारले तर म्हणत, "एक खपूक नाय अजून." काही वर्षांनी पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला. डॉक्टर सुई काढू लागले की ते लहान मुलासारखे बायकोचा पदर धरत. एका दुपारी तो पदर सुटला.

वाचनालयात आम्ही शोकसभा ठेवली. एवढी गर्दी त्या खोलीत मी कधी पाहिली नव्हती. शेवंता टोपली बाहेर ठेवून दारात बसली होती. अध्यक्षस्थानी हेडमास्तर. ते फार चांगले बोलले, डोळेही पुसले. पण बोलता बोलता म्हणाले, "कै. कौलवाल्यांच्या कादंबरीतला खरा नवरा अर्थातच घरात बसलेला..."

"माफ करा," फिलोमिना टीचर उठल्या. "खरा नवरा बाहेर आहे. दार वाजवतोय तो."

"टीचर, ही शोकसभा आहे."

"म्हणूनच चूक दुरुस्त करते."

"दोगय खोटे!" शेवंता दारातून ओरडली. झाले! अवल कारकून उठले, खुर्च्या सरकल्या, जो तो बोलू लागला. घरातला खरा असेल तर बाहेरच्याला त्याचा आवाज कुठून आला? बाहेरचा खरा असेल तर बायको उघडू नका का म्हणते? दुखवट्याचा ठराव हेडमास्तरांच्या हातात तसाच राहिला.

बाई पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. पदर तोंडाशी धरलेला. मला आधी वाटले रडताहेत. मग लक्षात आले, की त्यांचे खांदे हसण्याने हलत आहेत.

शेवटी कोणाला तरी सुचले. "वैनी, तुमका म्हायत असतला. बाहेर कोण होतो?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. हेडमास्तरसुद्धा पुढे वाकले.

बाई उठल्या. पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला. "ह्येंनी माका सांगितल्यानी हा," त्या म्हणाल्या. "पण मी सांगूचंय नाय."

आणि पायऱ्या उतरून त्या चालू लागल्या. हेडमास्तर, टीचर, अवल कारकून, टोपली डोक्यावर घेतलेली शेवंता आणि मी, आम्ही सगळे भर उन्हात त्यांच्या मागून बाजाराच्या वळणापर्यंत गेलो. त्यांनी एकदाही मागे वळून बघितले नाही.