दाराशी पंधरा जोड

आमचे दाजी एकवेळ चपला घालून देवघरात शिरले असते आणि अक्काची बोलणीही खाल्ली असती, पण वाचनालयाचा उंबरठा चप्पल घालून ओलांडणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वालूरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई, झाडणारे आणि बहुतेक दिवशी एकुलते एक वाचक. आत कोण बसलंय हे ते खुर्च्यांकडं न बघता दारातल्या चपलांवरून सांगत. त्यांचा दुसरा नियम शांततेचा. एकदा एका म्हाताऱ्याला पेपर वाचता वाचता शिंक येऊ लागली, तर दाजींनी त्याला हाताला धरून ओट्यावर नेलं, तिथं शिंकू दिलं, तांब्याभर पाणी पाजलं आणि परत आणून त्याच ओळीवर बसवलं. चाळीस वर्षांत गावाला अशी सवय लागली, की वाचनालयाच्या दारात चपला दिसल्या की रस्त्यानं जाणारी माणसंही आवाज खाली आणायची. अक्का तेवढी त्यांच्या तावडीत कधी सापडली नाही. "येईन हो कधीतरी, आधी तुमचं ते हळू बोलायचं खूळ जाऊ द्या," असं म्हणून ती खदाखदा हसायची. तिला हळू हसताच येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि वालूरचं ते घरही वाचनालयासारखंच गप्प झालं.

मागच्या उन्हाळ्यात डेन्मार्कातल्या भाचीचं बाळंतपण आलं. आई नाही म्हटल्यावर मावशीनं जायचं हे ठरलेलंच होतं. गंगाखेडच्या माझ्या शाळेला सुट्टी होती, आणि दाजींना एकटं मागं ठेवायला माझं मन धजेना. ते मात्र निघताना घुश्शात होते. गावातल्या मंडळींनी त्यांना बजावलं होतं, की वाचनालयात कुणी फिरकत नाही. दिवाळीपर्यंत माणसं दिसली नाहीत तर कुलूप लावून जागा खताच्या पोत्यांना देऊ. विमानात शेजारचे लोक सिनेमा बघत होते आणि दाजी डोळे मिटून पोती मोजत होते.

भाचीच्या घरापासून चार पावलांवर तिथलं सार्वजनिक वाचनालय होतं. दाजी पहिल्या दिवशी दारातूनच परत आले. म्हणाले, "बंद हाय वाटतं. दाराशी एक चप्पल न्हाई." दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढून नेलं. आत बघतो तर शंभरेक माणसं! कुणी वाचतंय, कुणी शिवणयंत्रावर पडदा शिवतंय, एका कोपऱ्यात म्हातारे तालमीसारखं गाणं म्हणतायत, रांगती पोरं पुस्तकांवरून चाललीयत आणि एक बाप्या खिडकीजवळ चक्क घोरतोय. आणि त्या बाप्याला कुणी उठवून ओट्यावर नेत नव्हतं. मला वाटलं, आता दाजींचं डोकं फिरणार. पण ते दारातच बूट काढून, मोजे सावरत, देवळात आल्यासारखे आत गेले आणि त्या घोरणाऱ्या माणसाशेजारच्या खुर्चीत बसले. तिकडं ऊन संध्याकाळी उतरायचं नावच घेत नाही. त्या पिवळ्या उजेडात दाजींचे डोळे अर्धे मिटले, आणि बऱ्याच वेळानं ते आपल्याशीच बोलले, "वालूरच्या बाया गोधडी शिवायल्यात. तिथं, कपाटापाशी."

निघताना बघतो तर बूट गायब. काउंटरवरच्या बाईंनी ते विसरलेल्या वस्तूंच्या पेटीतून, एका छत्रीखालून, काढून दिले. दाजी इतके खूश झाले, की बूट सांभाळायचा असा इंतजाम आपल्याकडंही पाहिजे, हे त्यांनी त्या बाईंना मराठीत दहा मिनिटं समजावलं. बाई मान हलवत होत्या. त्यानंतर रोज दाजी दाराशी बूट काढायचे आणि रोज ते पेटीत जायचे. आठव्या दिवशी बाईंनी हार मानली आणि दाराशेजारी एक छोटी चटई टाकली. महिना संपता संपता त्या चटईवर दाजींच्या बुटांशेजारी पोरांचे दोन-तीन जोड दिसू लागले. तेव्हा दाजींची छाती अशी फुगली, की कोटाचं बटण लागेना. भाची बापाला म्हणत होती, नाना, आता इथंच राहा, नातवाला मराठी शिकवा. मलाही वाटलं होतं, राहतील. तिथल्या त्या खुर्चीत त्यांना अक्का गेल्यापासून पहिल्यांदा इत्मिनानानं डुलकी लागलेली मी पाहिली होती. पण नातवाच्या पायाचा मुका घेऊन ते माझ्याबरोबर परत आले. जागा पोत्यांना जाईल, एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या आधी मी परभणीला एस.टी. बदलून वालूरला गेले. वाचनालयाच्या दारात बघते तर चपलांची ही लांब ओळ! मोजले, पंधरा जोड. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. आतून दाजींचा मोठ्यानं वाचायचा आवाज येत होता. सवयीनं मी चवड्यांवर आत गेले, तर खुर्च्या रिकाम्या आणि दाजी एकटे भिंतीला गोष्ट वाचून दाखवत होते.

मग सगळा उलगडा झाला. आल्या आल्या त्यांनी गावभर सांगितलं, की आता आत बोला, गा, शिवा, झोपा, कुणी काही म्हणणार नाही. पण ज्यानं चाळीस वर्षं शिंकू दिलं नाही, त्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? बायांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग दाजींनी घरातले, शेजारपाजारचे, दुरुस्तीवाल्याकडं पडून राहिलेले जोड गोळा करून रोज दारात मांडायला सुरुवात केली. दिवाळी तोंडावर आली तशी परवा कुलूप घेऊन मंडळी आली. चपला बघून त्यांचा आवाज खाली गेला, एकानं तर आपली चप्पल काढली, आतलं वाचन ऐकलं, पुन्हा घातली, आणि व्यत्यय नको म्हणून कुलपासकट सगळे चवड्यांवर परत गेले.

मला हसू आवरेना, पण मी मेहुणी. टोचल्याशिवाय कशी राहीन? म्हटलं, "दाजी, ही फसवणूक हाय."

"फसवणूक कशाची? त्या बाईनं चटई टाकली तवा माझ्याबिगर कोण होतं? आधी चटई टाकावी लागती. माणसं मंग येतेत."

मी बाहेर आले. आता नीट बघितलं, तर ओळीच्या टोकाला एक जोड जरा वेगळा, पुसून ठेवलेला. लाल पट्ट्यांचा, डाव्या टाचेला झिजलेला. अक्काचा. मी वळून बघितलं तर दाजी दारात उभे होते.

"खूळ गेलं की येईन म्हणायची," ते म्हणाले. "गेलं ना आता."

त्यांना तसंच आत जाऊन वाचू दिलं. मला पायरीवर बसावंसंच वाटलं. आश्विनातलं ऊन चपलांवर सरकत होतं आणि मी उगीच अक्काच्या पट्ट्यावरची धूळ झटकत होते. तेवढ्यात गल्लीतल्या दोन बाया जुन्या लुगड्यांचं बोचकं घेऊन बिचकत आल्या. चपला बघून त्या थबकल्या, आणि एकीनं अगदी कुजबुजून विचारलं, "आत लय माणसं हायत का हो?"

मी त्या पंधरा जोडांकडं बघितलं. "हायत," म्हटलं. "पण जागा हाय. अन् मोठ्यानं बोला, आता चालतंय."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि त्यांतली एक जी हसली ती चांगली खदाखदा. मग अक्काच्या चपलांशेजारी त्यांनी आपल्या चपला काढल्या. आत दाजींचा वाचायचा आवाज मधेच थांबला.