चुन्याखालचे ठिपके

“मॅडम, पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन हाय. साहेबांना ड्रॉइंगमध्ये काही दिसलं न्हाई, तर तुमी सरप्लस,” हेडसर म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

सरप्लस म्हणजे शाळेला नको झालेला शिक्षक. त्याचं पद काढून घेतात आणि जिथं जागा असेल तिथं धाडतात. जागा बहुतेक कुठंच नसते. वसमतजवळच्या त्या शाळेत मी अकरा वर्षं चित्रकला शिकवत होते, म्हणजे फळ्यावर सुविचार लिहीत होते आणि इतरांचे ऑफ तास सांभाळत होते. घर माझ्याच पगारावर चालायचं, त्यामुळे मी घाबरले होते.

एका मासिकात मी जपानमधल्या एका चित्रकार बाईंवर लेख वाचला होता. वय सत्तरीपुढचं. लहानपणापासून ठिपकेच काढत आल्या. आधी कागदावर, मग भिंतींवर, मग आख्ख्या खोलीभर. आत आरसे आणि एक दिवा, की झाले हजार दिवे. याला इमर्सिव्ह आर्ट म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर चित्र लांबून बघायचं नाही, आत जाऊन उभं राहायचं.

मी खेळाच्या सामानाची खोली मागितली.

“घ्या की. फुटके चेंडूच हायेत तिथं,” हेडसर मोठ्या मनाने म्हणाले.

रंगांना ग्रँट नव्हती, पण वसमतला हळदीचा तोटा नाही. आठवीच्या मुलींनी घरून हळद आणली, डिंकात कालवली आणि चार दिवसांत भिंती पिवळ्या ठिपक्यांनी भरून टाकल्या. आरसे सोनाबाईंकडून आले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. काचा जडवलेल्या ओढण्या घेऊन त्या तांड्यावरून स्वतः आल्या, छताला टांगल्या आणि बल्ब लावून बघितला.

“हे तर आमी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेऊन फिरून राहिलो,” त्या म्हणाल्या. “जपानच्या बाईचं काहून एवढं कौतुक?”

मी मासिक पिशवीत टाकलं.

इन्स्पेक्शनच्या सकाळी खोली उघडली तर ओढण्या घडी करून कोपऱ्यात आणि भिंती ओल्या. साहेब येणार म्हटलं की शाळेला चुना मारायचा, हा आमच्याकडचा रिवाज. शिपाई रहीमभाई ब्रश धरून रडकुंडीला आले होते.

“सर म्हणाले, एक डाग दिसला न्हाई पाहिजे. दोन हात मारले मॅडम, पण हे जाऊनच न्हाई राहिले.”

हळदीला चुना लागला की ती लाल होते. हे घरोघरी माहीत असतं. सगळे ठिपके चुन्यातून लालभडक होऊन वर आले होते, पहिल्यापेक्षा झकास. हेडसरांचा विषय विज्ञान.

मला आधी रडू आलं, मग हसू. तासाभरात आम्ही ओढण्या परत टांगल्या.

साहेब आत गेले. पाच मिनिटं आतच होते. बाहेर हेडसर घाम पुसत उभे. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सफारीच्या पाठीवर सात-आठ लाल ठिपके उमटले होते. इतकं इमर्सिव्ह त्या जपानी बाईंनाही जमलं नसेल. साहेबांना सांगायला कोणी पुढं झालं नाही.

“कल्पना कुणाची?” त्यांनी विचारलं.

“माझ्या मार्गदर्शनाखाली,” हेडसर म्हणाले.

रिपोर्टमध्ये दोन ओळी आल्या. ‘चित्रकलेचा उपक्रम स्तुत्य, पद कायम ठेवावे. सदर खोलीस तातडीने चुना मारावा.’ साहेबांचा शेरा म्हणजे हुकूम. या खेपेला हेडसरांनी आधी भिंत खरवडून घेतली.

पद मात्र मी निवृत्त होईपर्यंत टिकलं. जपानच्या त्या बाई आयुष्यभर ठिपकेच काढत राहिल्या, याचं लेखात फार कौतुक होतं. मला कौतुक त्यांच्या नशिबाचं वाटतं. त्यांच्यावर हेडसर नव्हते.